कपाळावरचं गंध
अष्टगंधाचा वास आला की मला केळझरची मावशी आठवते. तिच्या देवघरात गणपतीचं एक जुनं चित्र होतं, अठराव्या शतकातल्या एका हौशी सरदाराने पदरच्या चित्रकाराकडून काढून घेऊन तिच्या सासरच्या पूर्वजाला दिलेलं. त्या सरदाराच्या संग्रहाचं वर्ध्यात प्रदर्शन भरलं, तेव्हा मावशीने ते विश्वासाने मांडायला दिलं. आम्ही बघायला गेलो, तर तिने दालनाच्या दारातच चपला काढल्या; हातात घरचं जास्वंद. काचेआड गणपती झळझळीत दिसत होता, पण कपाळ कोरं. "खूप डाग होते, आम्ही स्वच्छ केलं," तिथली मुलगी कौतुकाने म्हणाली. मावशी काचेला हात लावून उभी राहिली. "डाग नव्हते बाई ते. माह्या सासूचं बोट होतं. अन् तिच्या सासूचंबी." चित्र परत आलं, पण मावशीने ते देवघरात ठेवलं नाही, बैठकीत टांगलं. "देव हाये त्यात," म्हणायची, "पण आमचं कोणीच नाई राह्यलं." माझ्याकडच्या गणपतीच्या तसबिरीवर आईने लावलेलं शेवटचं गंध आता सुकून काळं पडलंय. दर दिवाळीला मी ती काच पुसते, कपाळ तेवढं सोडून.