सुकटवाल्या आत्याचं एकच मागणं

सुकटवाली आत्या एखादा प्रश्न एकदाच विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलायची नाही. डहाणूच्या एस.टी. थांब्यावर एकदा तिने कंट्रोलरला विचारलं, "गाडी कधी येणार?" तो म्हणाला, "येईल." आत्या टोपली उतरवून त्याच्या टेबलासमोर बसली. सुक्या बोंबलांचा वास खोलीभर पसरला. पाच मिनिटांत त्याने फोन फिरवला आणि गाडी कुठे अडकली आहे ते तिला सांगितलं.

मी तेव्हा गंजाडच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घाटावरून नुकताच बदलून आलो होतो. आत्या डहाणूच्या किनाऱ्यावरची, मच्छीमाराची विधवा. सुकट, बोंबील, खारे बांगडे टोपलीत भरून ती आतल्या पाड्यांवर विकायला जायची आणि परतताना शाळेच्या ओट्यावर टेकायची. मी पाण्याचा तांब्या पुढे करायचो. सगळ्यांना ती 'तू' म्हणायची, मामलेदारालासुद्धा. त्यात उद्धटपणा नसायचा. 'तुम्ही' हा शब्द तिच्या तोंडात बसतच नसे.

एके दिवशी तिने तांब्याला हात लावला नाही. नदीपलीकडच्या वारली पाड्यावर जानकी नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. कुणाच्या घरी सुकट हवी, कुणाकडे बोंबील, कुणाकडे पाहुणे आलेत, हे सगळ्या पाड्याचं ती आत्याला न अडखळता सांगायची. "आज मी तिला विचारलं, कितवीत हायेस? तिला 'कितवीत' म्हणजे काय तेच कळलं नाय," आत्या म्हणाली. "एवढं डोक्यात राहतं तिच्या. अक्षरं राहिली नसती काय?" मग माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारलं, "तिकडची पोरं तुझ्या शाळेत का येत नाय, मास्तर?"

मी म्हणालो, पावसाळ्यात नदीला पाणी असतं आणि एकदा खाडा पडला की पोरं पुन्हा येत नाहीत. ती म्हणाली, "माझी पोर सातवी झाली. घराशेजारी शाळा, चार मास्तर. ती हुशार म्हणून नाय शिकली, दारात होती म्हणून शिकली."

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. बाजाराच्या दिवशी दुपारी गंजाडला उमेदवारांच्या सभा होत. पहिला उमेदवार रस्त्यावर बोलला, विहिरींवर बोलला. आत्या बायकांतून उठून उभी राहिली.

"नदीपलीकडं शाळा कधी देणार, ते सांग."

"गंजाडला आहे की शाळा!" तो हसून म्हणाला.

"आषाढात नदी ओलांडून ये, मग सांग."

लोक हसले. तो विहिरींकडे वळला, पण आत्या उभीच होती. शेवटी त्याने भाषण आटोपतं घेतलं. दुसऱ्या उमेदवाराने ते ऐकलं असावं. त्याने सुरुवातीलाच शाळेचं आश्वासन दिलं. आत्याने विचारलं, "कुठल्या महिन्यात?"

"निवडून आल्यावर बघू."

"बघू नावाचा महिना नसतो," आत्या म्हणाली आणि तिथेच बसली.

त्यानंतर एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेतलं. "ती तुमच्या शाळेत बसते. आवरा तिला. सरकारी नोकरी आहे तुमची." मी घाबरलो. खोटं कशाला सांगू, पुढच्या खेपेला मी तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत वर्गात जाऊन बसलो. आत्याला बरोबर कळलं. दारातून म्हणाली, "तू नोकरी सांभाळ मास्तर. पोरांना तू लागशील. बोलायला मी हाय." त्या दिवशी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

खरा विरोध तिच्या घरातूनच झाला. तिचा धाकटा दीर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, किनाऱ्यावर त्याच्या शब्दाला मान. होड्या लावायला पक्का धक्का हवा, ही तिथल्या लोकांची जुनी मागणी. तो म्हणाला, "वहिनी, उमेदवार नाराज झाला तर धक्का गेला. त्यांच्या शाळेशी आपला काय संबंध?"

"धक्का माग ना. मी कुठं अडवलंय?" ती म्हणाली. "पण आपल्या शाळेसाठी कुणीतरी तोंड उघडलं होतं. त्यांच्यासाठी कोण उघडणार?"

दिराने तिला सुकवायला मासळी द्यायची नाही असं सगळ्यांना सांगितलं. तो हंगामभर तिच्या मासळी वाळवायच्या काठ्या मोकळ्या राहिल्या. तरी ती पाड्यांवर जायची. मी विचारलं, "रिकामी टोपली कशाला घेतेस?" म्हणाली, "डोक्याला सवय हाय." त्या फेऱ्यांत ती काय बोलली मला ठाऊक नाही, पण पुढच्या बाजाराला तिच्यासोबत सात-आठ वारली बायका उभ्या राहिल्या. त्यानंतर तर थेट तलासरीपर्यंतच्या सभांत शाळेचं विचारलं जातं, असं एस.टी.चे कंडक्टर सांगू लागले.

मतदानाच्या आधी पहिला उमेदवार पुन्हा आला, या खेपेला पायी. आत्याने त्याला नदीच्या कोरड्या पात्रात नेलं. मीही गेलो, तेवढं धाडस तोवर झालं होतं. काठच्या करंजाच्या फांदीत वाळलेलं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या, त्याच्या डोक्याच्याही वर हातभर.

"पुराचं पाणी तिथवर येतं," आत्या म्हणाली. "तुझी पोर धाडशील?"

त्याने हात वर करून काटक्यांपर्यंत पोचतो का ते पाहिलं. मग म्हणाला, "नाही धाडणार."

तो निवडणूक हरला. पण पाड्याच्या वतीने अर्ज त्यानेच लिहून दिला, खाली सगळ्यांचे अंगठे घेतले. निवडून आलेल्याकडे आत्या दर सोमवारी जाऊन बसायची. पुढे जिल्हा परिषद झाली आणि तिसऱ्या पावसाळ्याआधी नदीपलीकडे एकशिक्षकी शाळा मंजूर झाली. बदली मी मागून घेतली.

पहिल्या दिवशी शाळा मांडवात भरली, आत्या बाहेरच उभी राहिली. "आत ये की," मी म्हणालो. "नको. पोरं नाक दाबतील," ती म्हणाली. जानकी तेव्हा अकरा-बारा वर्षांची झाली होती. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती पहिलीत बसली होती. पाटीवर तिने 'ज' उलटा काढला. मी पुसायला गेलो, तर आत्या बाहेरून ओरडली, "राहू दे रे आजच्या दिवस!"

तीन वर्षांनी आत्या तापाने गेली. बाराव्याच्या दिवशी मी पाड्यावरच्या पंचवीस-तीस माणसांना घेऊन डहाणूला गेलो. त्यांतल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मंडळी अंगणाच्या कडेला, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी अंग चोरून उभी राहिली. पहिली पंगत भावकीची बसत होती. दिराने आमच्याकडे पाहिलं आणि भावकीतल्या माणसांना हाताने उठवलं.

"तुमी नंतर," तो त्यांना म्हणाला.

मग जानकीपासून सुरुवात करून तो स्वतः वाढत गेला. रांगेच्या टोकाला येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.