न ढासळलेला चर

ठकूबाई गेली, हे तिच्या मुलानं मला बसस्टॉपवर सांगितलं. तेही सहज, बस येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून. "आई गेली, साहेब. तीन आठवडे झाले." बस आली, तो चढला. मी तिथंच उभा राहिलो. तेव्हापासून मन कशात लागत नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागते, आणि तीच मी दहा-बारा वर्षं टाळत आलोय...

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील निफाडकडे वीटभट्टीवर राबले, मी सिव्हिलची डिग्री घेतली. तेव्हा त्याचा माज होता; अभिमान आजही आहे. सातपूरकडे सांडपाण्याच्या लाइनचं काम निघालं होतं. चर दोन पुरुष खोल, माती काळी. ठकूबाई पेठ तालुक्याकडची, माती वाहणाऱ्या बायकांमधली. रोज काम सुटताना ती चराच्या काठावर शेणामातीचा हातभर रुंद पट्टा सारवायची. "मावशी, इथं लग्न कुणाचं आहे?" मी विचारायचो. "तुमचंच लावू की साहेब, पोरगी तर बघा आधी!" सगळ्या बायका हसायच्या. सकाळी मात्र वाकून तो पट्टा नीट पाहिल्याशिवाय ती कुणाला खाली उतरू द्यायची नाही. काठाची माती जराशी सरकली तरी सारवण फाटणार, इतकं साधं होतं ते.

एका सकाळी पट्ट्याला चीर गेलेली दिसली आणि ती शिडीच्या तोंडाशीच बसली. "आज कुनी उतरायचं नाय."

"वाळताना तडकलं असेल," मी म्हणालो.

"वाळून पडल्याल्या चिरा जाळ्यावानी असत्यात. ही बघा, चराच्या संगं सरळ चालली हाय."

मी पाहिलं. चीर सरळच होती, आणि उपसलेल्या मातीचा ढीगही त्याच काठाला टेकलेला. ढिगाच्या भारानं काठ आधी असा फाटतो आणि मग कोसळतो, हे मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तेवढ्यात ठेकेदार आला. "साहेब, इंजिनिअर तुम्ही का ही बाई?" माणसं हसली... आणि मीही हसलो. तरी तिच्या शब्दावर एकही गडी उतरला नाही. पाइप वरच पडून राहिले. आणि चर दिवसभर जसाच्या तसा उभा! संध्याकाळी ठेकेदारानं तिला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मापाची टेप गुंडाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी ढीग पाच फूट मागं ओढायला लावला, दोन्ही बाजू उतरत्या छाटल्या, फळ्या-बल्ल्यांचा आधार दिला, मगच माणसं उतरवली. ठेकेदाराला कारण मात्र वेगळंच सांगितलं, पाइप ठेवायला जागा हवी. चर शेवटपर्यंत ढासळला नाही. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाई चुकली. मी हे केलं नसतं तर ढासळला असता? कुणास ठाऊक. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? पुढं प्रत्येक कामावर मी हेच करत गेलो. माझ्या कामावर एकही माणूस गाडला गेला नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो. तिचं नाव मात्र कधी घेतलं नाही.

परवा पंचवटीपलीकडे तिच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो. नाव सांगताच सून म्हणाली, "तुमीच का ते? काढून टाकल्यावर आत्याबाई दुसऱ्या दिशी रस्त्यावरनं बघून आल्या व्हत्या. माती मागं वढलेली दिसली त्यास्नी. म्हनायच्या, साहेबाला पटलं हाय."

"पटलं होतं," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

"मंग तवाच बोलायचं व्हतं ना, साहेब. त्यानंतर एकाबी ठेकेदारानं उभं केलं नाय त्यास्नी. काम बंद पाडनारी बाई म्हनायचे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं... उंबऱ्याशी ठकूबाईचं गोणपाट अजून अंथरलेलं होतं. बसता-उठता मधे गोळा झालेलं, कडेला पान-तंबाखूचे डाग. सुनेनं ते हातानं झटकून सरळ केलं. "बसा." मी उभाच राहिलो.