सुजाताचा स्कार्फ आणि माझा जळफळाट

आम्हाला सोडायला कुरुंदवाडहून दोन गाड्या भरून माणसं कोल्हापूरच्या विमानतळावर आली होती. त्या सगळ्यांच्या देखत मी दारातच भांडलो. कार्ड तपासणारा जवान सुजाताला एवढंच म्हणाला होता, "मॅडम, चेहरा दाखवा." सुजाता म्हणजे माझी बायको. मोपेडवर बसताना बांधतात तसा तिनं स्कार्फ बांधला होता, नुसते डोळे उघडे. मी मध्ये पडलो, "कार्डावर फोटो हाय की, त्यो बघा!"

मागनं आई ओरडली, "आरं, दाखवू दे की! तुझं काय झिजतंय?"

झिजत होतं. आज कबूल करतो. लग्न झाल्यापासून तिचे सगळे स्कार्फ मीच आणले. ऊन लागतंय, धूळ उडतीय, असं लोकांना सांगायचो. खरं कारण कोल्हापुरात राजारामपुरीच्या सिग्नलला शेजारी थांबणारे बुलेटवाले. आणि हाच मी संध्याकाळी कट्ट्यावर बसून बुरख्यावर भाषण ठोकायचो, "आपल्यात असलं काय चालत न्हाई."

नोकरी बेल्जियममधल्या एका चीज कारखान्यात. दुधाचं काम घरातलंच, त्यामुळं कामात अडलं नाही. अडलं ते घरी. इथला कायदा असा, की ओळखू येणार नाही असा चेहरा झाकून रस्त्यावर फिरायचं नाही. कळलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. महिन्याभरात सुजाता उघड्या तोंडानं सायकल चालवायला लागली आणि माझी टाळी बंद पडली. पोस्टमन तिला हसून 'बोंजूर' म्हणायचा. कुत्रं फिरवणारा म्हातारा म्हणायचा. ऐंशीचा असेल, पण मी त्याच्यावरही जळलो. त्याच्या कुत्र्यावरही.

त्यात तिला कोपऱ्यावरच्या बेकरीत काम मिळालं, तेही काउंटरवर. पंधरा दिवस तिचं काम बघणार, जमलं तर नोकरी पक्की. मी गुपचूप बेकरीवाला बघून आलो. तिशीचा, दंड उघडे, अंगभर पीठ. दोन रात्री झोप नाही.

वरच्या मजल्यावर फातिहा राहायची, मोरोक्कोची. ती पूर्वी नकाब घालायची. कायदा आल्यावर नवराच म्हणाला होता, सोडून दे. तिनं नकाब सोडला नाही, बाहेर जाणं सोडलं. दळणवळण सगळं खिडकीतून, फार तर जिना उतरून आमच्या घरापर्यंत. सुजाता आणि ती चार फ्रेंच शब्दांत आणि बाकी हातवाऱ्यांत तासन् तास बोलायच्या, खिदळायच्या. मी त्या हसण्यावरही जळायचो, कारण माझ्यासमोर तसं हसणं कुरुंदवाडातच राहिलं होतं.

सोमवार उजाडला. पहिला दिवस, बाहेर बर्फासारखा वारा. मी लोण्यासारख्या आवाजात म्हणालो, "गारठा लागंल, स्कार्फ बांध की." ती म्हणाली, "हितं चालत न्हाई म्हणत्यात." मी म्हणालो, "थंडीला कायदा नसतोय." आणि माझ्या हातानं बांधून दिला, कोल्हापुरी पद्धतीनं. दोन वेढे, मागं गाठ.

दुसऱ्याच चौकात पोलिसांनी तिला थांबवलं. तिनं लगेच सोडलाही असता, पण गाठ मी मारलेली, ती सुटेना. सुटली तेव्हा त्यांनी ओळखीचं कार्ड मागितलं. कार्ड माझ्या पाकिटात! दोघांची कार्डं मीच सांभाळायचो, घरचा कर्ता ना. मी कारखान्यातून पोचेपर्यंत पाऊण तास ती रस्त्यावर उभी. तरणा पोलीस कार्डावरचा फोटो आणि तिचं तोंड आळीपाळीनं निरखत होता. खरं सांगू? बायकोची नोकरी जायची वेळ आलेली, आणि मला वाटत होतं, हा जरा जास्तच बघतोय.

दंड झाला नाही. ताकीद देऊन, 'थंडी आहे खरी' म्हणत सोडलं.

ती बेकरीत गेली, काय सांगितलं देव जाणे. संध्याकाळी घरी आलो तर दोघी स्वयंपाकघरात बसलेल्या. मी वातावरण हलकं करायला पोलिसाची नक्कल केली. फातिहा हसली नाही. सुजातानं तिचं बोलणं मला सांगितलं. कायदा नवा होता तेव्हा त्याच चौकात तिलाही नकाबात अडवलं होतं. तिला दंड झाला होता, आणि बसथांब्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते.

टाळ्या मलाही ओळखीच्या होत्या.

फातिहा गेल्यावर सुजाता म्हणाली, "तिला बांधायचा हुता, तिला सोड म्हटलं. मला सोडायचा हुता, तर तुमी बांधलासा. इचारलं कुणी आमाला? माझं कार्ड द्या हिकडं."

दिलं. कायद्याबद्दल माझं मत काय, असं कट्ट्यावरचे फोनवर विचारतात. पूर्वी लगेच सांगायचो. आता म्हणतो, ज्यांच्या तोंडाचा प्रश्न आहे त्यांना विचारा.

पंधरा दिवसांनी ती पक्की झाली. उरलेला पाव रोज वर पोचवते. फातिहा अजून रस्त्यावर उतरत नाही. चार भिंतींना ती घर म्हणते का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारता, घराची आठवण येते का? मी शनिवारी बेकरीच्या रांगेत उभा राहतो. पुढच्या प्रत्येकाकडं बघून ती हसते, आणि प्रत्येकावर मी मनापासून जळतो. माझा नंबर येतो. मी नुसता बघत राहतो. तेव्हा सगळ्या बेकरीला ऐकू जाईल अशी ती आपल्या गावच्या बोलीत ओरडते, "काय पायजे ते बोला पावणं, मागं लोकं थांबल्यात!"

सगळं दुकान वळून बघतं. त्यातल्या एकालाही कळत नाही. तेवढा वेळ मी घरी असतो.