स्टीफनमामाच्या गाडीचा न बोलणारा पट्टा

आमचा स्टीफनमामा गाडीजवळ गेला की डॉक्टर होतो. बॉनेट उघडतो, एक डोळा मिटतो, कान इंजिनाकडे नेतो आणि हाताने आम्हाला गप्प करतो. मग घसा खाकरून सुरू होतो, "म्हणजे काय आहे ना, गाडी आपल्याशी बोलत असते."

मामाने ऐन उमेदीची वर्षं चिंचपाडा-नवापूर जीप चालवली. त्या जीपच्या इंजिनात टायमिंगची साखळी होती. ती ढिली पडली की सकाळी गाडी चालू करताच डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि मामा समजायचा, हिचे दिवस भरले. जीप विकून त्याने ही जुनी पांढरी मोटार घेतली. हिच्यात साखळीच्या जागी दातेरी रबरी पट्टा. काम तेच, इंजिनाचं वरचं आणि खालचं एका तालात फिरवायचं. मामा आपला कान लावून बसला, पट्टा कधी खडखडतोय म्हणून.

यंदा त्याच्या लेकीचं, प्रिस्किलाचं लग्न मोलगीकडे ठरलं. लग्न आमच्या चर्चमध्ये, मग नवरी देवगोईचा घाट चढून सासरी. सासरच्यांनी निरोप पाठवला, एसीची गाडी पाठवतो, तुम्ही त्रास घेऊ नका. मामाला ते फार लागलं. प्रिस्किला आपल्या या मोटारीतून कॉलेजला गेली, हिच्यातूनच सासरी जाईल, असं त्याने एकेका पाहुण्याला फोन करून ऐकवलं. नुसतं ऐकवलं नाही, आमच्या पाद्रीबाबांकडून 'आमेन'ही वदवून घेतलं.

एवढं बोलून बसल्यावर घाटाआधी गाडी दाखवणं आलंच. नवापूरचा गोपाल मिस्त्री तोंडात नट धरून बोलतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द गालातून वळसा घेऊन येतो. त्याने पहिलंच विचारलं, "मामा, पट्टा कवय बदलेल शे?" म्हणजे कधी बदललाय.

मामाने ऐटीत मीटर दाखवला. मीटरच्या हिशेबाने पट्टा नवाकोराच होता. गोपाल गाडी घेऊन एक फेरी मारून आला आणि म्हणाला की चाकं फिरतात, पण आकडा गाढ झोपलेला आहे. कधीपासून, ते मामालाही सांगता येईना. असा पट्टा साठ-सत्तर हजार किलोमीटरला नाहीतर पाच वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचा, असं गोपालचं म्हणणं. मामाचं म्हणणं, दोन-तीन वर्षंच तर झाली. आणि आवाज कुठे येतोय?

गोपालने तोंडातला नट काढला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"साखळी बोलस, मामा. पट्टा बोलस नही, तुटस."

तुटला की इंजिनाचं वरचं खालच्यावर आदळतं आणि घाटात गाडीच्या जागी भंगार उभं राहतं, हे त्याने एक मूठ दुसरीवर आपटून दाखवलं. मामा तरी फुरंगटूनच घरी आला.

आशामामी भाकरी थापत होती. मामाच्या तोंडून 'दोन-तीन वर्षं' ऐकून तिचा हात थांबला. मामीचा होकार उपहासाचा असला की गल्लीच्या टोकापर्यंत लांबतो.

"होऽऽऽ! पट्टा बसवला त्या दिवशी मी दवाखान्यात होते. तुम्ही ग्रीसचे हात घेऊन बाळाला घ्यायला आलात, तर नर्सने दारातूनच परत पाठवलं." तिने धाकट्या इमॅन्युएलला पकडून मामापुढे उभं केलं. "हा घ्या तुमचा मीटर. तिसरीत आहे."

इमॅन्युएलने आपणहून तोंड उघडून पडलेले दात दाखवले. मामाने ते बराच वेळ पाहिले. पोरगं वयाच्या मानाने थोराड आहे, असं काहीतरी तो पुटपुटला, पण त्याचं त्यालाच पटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी गोपालने पट्टा काढून उलटा वाकवला. भेगाच भेगा, आणि दोन दाते त्याच्या तळहातावर गळून पडले. मामाने ते दाते उचलून आपल्या तळहातावर घेतले.

"प्रिस्किला बसणार होती रे हिच्यात," एवढंच म्हणाला.

नवा पट्टा, त्याला ताणून धरणारी नवी पुली, सगळं बसवून झालं.

लग्नाच्या दिवशी मामाने गाडीला झेंडूत इतकं बुडवलं की काचेतून रस्ता दिसायला फट ठेवावी लागली. सासरची एसीची गाडी मागून रिकामी येत होती, कारण नवरदेवही आमच्याच गाडीत, प्रिस्किलाच्या शेजारी अंग चोरून बसला होता. घाट लागला. गाडी चढायला तयार होती, मामाच तिला जाऊ देईना. दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, वळणावळणाला थांबून खालचा देखावा दाखवत. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मोलगीहून फोनावर फोन, की पंगत खोळंबली आहे. शेवटी नवरदेवाने फार अदबीने विचारलं, पप्पा, तिसरा टाकायचा का?

"म्हणजे काय आहे ना, जावई," मामा म्हणाला, "वर पोचलो की ती तुमचीच आहे."

प्रिस्किला डोळे पुसता पुसता फिसकन हसली आणि तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्यानंतर मोलगीपर्यंत त्याने गिअरचं नावही काढलं नाही.