मामांच्या शेजारची मोकळी जागा

आमच्या हिचे मामा जितक्यांदा सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले, तितक्यांदा तिथले डॉक्टरही गेले नसतील. स्वतःची साधी सर्दी घेऊन मात्र कधी गेले नाहीत. गावात कुणी आजारी पडलं की पिशवीत तांब्या, चादर आणि चार भाकरी घालून हा माणूस जीपपाशी आधीच हजर. आमच्या सरकारी दवाखान्याला नवा रंग मिळतो, डॉक्टर मिळत नाही. तालुक्याला डॉक्टर असतो, तर मशीन बंद असतं. सगळीकडून एकच उत्तर येतं, सोलापूरला हलवा.

जीपमध्ये मामांची एक भयंकर खोड होती. पेशंटच्या पायाशी, दाराजवळ, एक जागा ते मोकळी ठेवायला लावत. पेशंटचे सख्खे भाऊ मागं लोंबकळत उभे असायचे, पण त्या जागेवर कुणाला टेकू देतील तर शपथ. एकदा एक पैलवान तिथं बसलाच, तर मामा शांतपणे म्हणाले, "बसा की. मग ते तुमच्या मांडीवर बसंल." पैलवान जळकोटपासून पुढं टपावर बसून आला. मी हसलो, तेव्हा मामांनी समजावलं, "आजार आपल्या जिल्ह्यात अन् इलाज शेजारच्या, जावईबापू. मधला रस्ता मरणाचा. हद्द आली की उतरतंय ते."

मग ही बाळंत झाली आणि रक्त थांबेना. भर दुपारी आम्ही निघालो. त्या मोकळ्या जागेकडं बघायचं मी टाळत होतो. हद्दीच्या पाटीपाशी मामांनी जीप थांबवली, दार उघडलं आणि पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले, "उतरा आता. म्होरं तुमचं काम न्हाय." कुणीच उतरलं नाही. जीप मात्र त्या अंगाला दबली आणि वर आली, कुणी उतरताना येते तशी. ड्रायव्हर आरशात न बघताच म्हणाला, "निघू?" ही वाचली.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्याच छातीत कळ आली. पुन्हा तेच उत्तर, तोच रस्ता. हद्दीवर मी दार उघडलं आणि त्यांच्यासारखंच म्हणालो, "उतरा आता." जीप हलली नाही. मामांनी डोळे उघडले, त्या जागेकडं पाहिलं आणि माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. लई वर्सांची सोबत हाय." मी रागावलो, विनवलं, शेवटी दार लावलं. सोलापूर दिसायच्या आत मामा गेले. त्या रस्त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आता पिशवी माझ्याकडं असते. हद्दीपाशी मी दार उघडतो, उतरा म्हणतो, आणि जीप हलली की हळूच सांगतो, "मामांना सांगा, भाची बरी आहे."