शेडकाका पावडर निवडतात

रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंगाची शेड निवडून देणाऱ्या शेडकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पुठ्ठ्यावर रंगाचा पट्टा ओढून तो वाळेपर्यंत काका त्याला पैसे काढू देत नसत. "ओला रंग आणि नवा जावई, दोघांचं खरं रूप नंतर कळतं," असं ते सांगत. त्यांना स्वतःला जावई नव्हता, पण म्हणून माणसानं मत ठेवू नये असं थोडंच आहे!

असे हे बोलघेवडे काका बायकोच्या पहिल्या ऑपरेशनपासून आतून सुन्न झाले होते. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. हात रंग ढवळत, तोंड सवयीनं विनोद करी, आणि काका स्वतः कुठंतरी परगावी गेल्यासारखे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन वाढल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करता येणार नाही, आणि ते फार लांबवताही येणार नाही. "प्रोटीन पावडर द्या. महागडी कशाला? साधी चालेल. साखर कमी बघा. पण रोज पोटात गेली पाहिजे."

तिथंच तर घोडं अडलं होतं. घरी शिवणकाम करणाऱ्या काकू हल्ली दोन घोट सूप घ्यायच्या आणि वाटी बाजूला सारायच्या.

पावडरीच्या दुकानात भिंतभर डबे होते. विक्रेत्याचे दंड असे, की शर्टाच्या बाह्यांनी केव्हाच राजीनामा दिला असावा.

"कोणासाठी हवीय?"

"बायकोसाठी."

"व्यायाम कुठला करतात त्या?"

"माझ्यावर ओरडायची. आता तेही बंद आहे."

विक्रेता खो खो हसला. काकांना आपण काय बोललो तेच कळलं नाही. विक्रेत्यानं वाघाचं चित्र असलेला डबा पुढं केला. किंमत ऐकून काका म्हणाले, "वाघ नको. वाघाखेरीज काय मिळेल ते दाखवा." मग स्वस्तातल्या स्वस्त पावडरींच्या नमुन्याच्या पुड्या घेऊन ते घरी आले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी ओट्यावर पेले मांडले. रंगाच्या धंद्यात खात्रीचा माल कोणता, तर जो ढवळून ठेवला तरी तळाशी बसत नाही तो. काकांनी सगळ्या पुड्या पाण्यात ढवळल्या आणि दुपारपर्यंत कोणाला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. एकीखेरीज सगळ्या पावडरी खाली बसल्या. ती एक मात्र अढळ. काका तडक जाऊन तिचा मोठा डबा घेऊन आले आणि लगेच उघडून बसले.

काकूंनी पेल्यात चमचा घातला. चमचा उभाच राहिला.

"अहो, हे प्यायचंय की भिंतीला लावायचंय?"

"अगं, बसत नाही ती. सकाळपासून जशीच्या तशी आहे."

"माझ्या पोटातही तशीच राहील मग!" काकूंनी चष्मा लावून डब्यावरचं बारीक वाचलं. "स्टार्च आणि साखर आहे नुसती. प्रोटीन नावापुरतं. जन्मभर रंग विकलात, त्याची परीक्षा माझ्यावर?"

डबा परत करायला गेले तर विक्रेता म्हणाला, "उघडलेला माल परत घेत नाही, काका." हेच वाक्य काका वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. भांडायला तोंडच उरलं नाही.

शेवटी काकूंनीच ओट्यावरच्या पुड्या वाचून काढल्या आणि एका साध्या, चित्रही नसलेल्या पावडरीवर बोट ठेवलं. चव विचाराल तर ओल्या पुठ्ठ्याची. पण पातळ होती, घशाखाली उतरत होती. काकू नाक मुरडत, काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत रोज ती पिऊ लागल्या. काका समोर उभे राहून पेला रिकामा होईपर्यंत बघत. बरं वाटतंय का, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. मग पेला विसळून पालथा घातला.

पुढच्या तपासणीला नर्सनं काटा पाहिला. "वाढलं की! आता डॉक्टर तारीख देतील."

"ऐकलंत का?" काकू म्हणाल्या.

"ऐकलं."

"मग तोंड असं का? उभे राहा बरं तुम्ही काट्यावर."

"मी कशाला?"

"राहा म्हणते ना!"

काका चपला काढून उभे राहिले. नर्सनं विचारलं, "काका, आधी किती होतं तुमचं?" त्यांनी सांगितलं. नर्सनं काटा पुन्हा पाहिला आणि काकूंकडे पाहिलं. काटा त्याच्या बराच खाली थांबला होता.

"घरी गेल्यावर दोन पेले करायचे," काकू म्हणाल्या.

"मला नको गं. भूक नाही."

"भूक कोण विचारतंय? मला आत नेतील तेव्हा बाहेर धड उभं राहायला कुणीतरी लागेल ना?"

काका काट्यावरून उतरले. त्यांना काहीच वाटलं नाही. काकूंनी पायानंच त्यांच्या चपला पुढं सरकवल्या. त्यांनी त्या घातल्या.