नकाशावरचा लाल गोल

जयपूरचा नकाशा टेबलावर पसरून आमचे हे सहलीची आखणी करत बसलेत. महाल, किल्ला, बाजार, सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा. उतरायचं ते बाजारालगतच, हा यांचा नेहमीचा हट्ट. या वेळी मात्र लॉज भलत्याच टोकाला निवडलंय. वाकून पाहिलं, तर शेजारी मोठं हॉस्पिटल, आणि त्याभोवती लाल गोल.

परवा हे डॉक्टरांकडे एकटेच गेले होते. "सगळं ठीक आहे," एवढंच सांगितलं होतं.

तरुणपणी आपण शहरात काय बघायचं ते ठरवतो; पुढे कधीतरी, काही झालं तर कुठे धावायचं, ते.

"खोलीच्या खिडकीतून काय दिसेल हो?" मी विचारलं.

नकाशावरची नजर न उचलता हे म्हणाले, "महाल."